टायपिंगच्या सरांचं पथ्य

आमचे टायपिंगचे सर खुर्चीवर बसून कधी खात नसत. बारामतीत त्यांना कुणी हॉटेलात बसलेलं पाहिलं नव्हतं. एखाद्या ओळखीच्या माणसाने हात धरून नेलंच, तरी ते दारातच थांबत आणि म्हणत, "हॉटेलात बसणारा माणूस पंख्याचा वारा खातो, पदार्थ खात नाही." मग तिथून उलटे फिरून कोर्टाच्या कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीकडे चालू लागत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पॉलिश केलेले बूट आणि हातात कागदावर घेतलेला वडापाव. झेंड्याला सलामी द्यायला उभं राहावं तसे ते ताठ उभे राहून खात. शर्टावर चटणीचा थेंब पडलेला मी कधी पाहिला नाही.

मी अंथुर्ण्याचा. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. बी.ए. करत असतानाच मामा म्हणाले होते, "नुसत्या डिग्रीला कोण विचारतंय? टायपिंग कर, कचेरीत चिकटशील." म्हणून मी बारामतीत खोली घेऊन राहिलो आणि सकाळी सातच्या बॅचला सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ लागलो. खताच्या दुकानावरची ती एक लांब खोली होती. अकरा मशिनं, त्यातली दोन मराठीची. मागच्या बाजूला पडदा, आणि पडद्यामागे सरांची खाट. सर तिथेच राहत. त्यांच्या घरच्यांविषयी कुणाला नक्की काही माहीत नव्हतं. बायको माहेरी असते असं काही जण म्हणत, लग्नच झालेलं नाही असंही काही जण म्हणत. मी कधी विचारलं नाही. विचारायची पद्धतही नव्हती.

खाण्याच्या बाबतीत सरांइतका तिरसट माणूस मी पुढे पाहिला नाही. मोठ्या हॉटेलांची त्यांना घृणा होती, पण म्हणून कुठलीही गाडी त्यांना चालत होती असं नाही. गाड्यांमध्येही त्यांची उतरंड होती. सगळ्यात वर कोर्टापाशी उभा राहणारा महादू. त्याच्याखाली मार्केट यार्डातली भज्यांची गाडी, तीसुद्धा फक्त बाजाराच्या दिवशी. स्टँडबाहेरच्या गाड्यांना तर ते गाड्याच मानत नसत. "स्टँडवरचा वडा प्रवाशासाठी असतो," ते म्हणत. "ज्याला परत यायचं नाही, त्याच्यासाठी." पावभाजीविषयी म्हणत, "भाजी कसली आहे हे लपवायला इतकं लोणी लागतं." गावात चायनीजची पहिली गाडी लागली तेव्हा आमच्या बॅचची मुलं तिच्यावर तुटून पडली. सर एकदा तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले, बघितलं आणि म्हणाले, "शेवया आहेत. आमच्या मावशीच्या बाजेवर वाळत होत्या तेव्हा ह्यांना कुणी विचारलं नाही."

शिकवतानाही हेच चाले. माझा स्पीड पॅसेज तपासताना एकदा ते म्हणाले होते, "दत्तोबा, तुझा वेग म्हणजे तिखट चटणी. वड्याचा भरवसा नाही म्हणून चटणी वाढवलीय. चुका किती आहेत बघ." मी बघितलं. बारा होत्या.

मी त्यांच्या खाण्याच्या मताला तेव्हा फार मान देत असे. माझं स्वतःचं मत नव्हतंच. गावाकडे खाणं म्हणजे भूक लागल्यावर करायची गोष्ट. त्यात चांगलं-वाईट असतं, आणि त्यावरून माणसाची पायरी ठरते, हे मला बारामतीत कळलं. कॉलेजातली शहरातली पोरं मधल्या सुट्टीत वडापाव, सामोसे, पॅटिस खात. माझ्याकडे डबा असे, आणि त्या डब्याची मला लाज वाटे.

हा डबा एसटीने येई. आमच्या भागातल्या शिकणाऱ्या पोरांचे डबे तसेच येत. आई पहाटे उठून भाकरी करी, डबा फडक्यात बांधून पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे देई, आणि आम्ही स्टँडवर जाऊन आपापला डबा उचलत असू. झाकणावर प्रत्येकाचं नाव रंगाने लिहिलेलं. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई. माझ्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, कधी हुलग्याचं घट्ट कालवण, कधी मेथी, कधी नुसती शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. कॉलेजात मी तो वर्गाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून खात असे. कुणी विचारलंच तर सांगे, चपाती आहे.

एके दिवशी गाडी लवकर आली म्हणून मी डबा घेऊनच टायपिंगला गेलो. मशिनच्या पायाशी ठेवला. सर मागून फिरत होते. ते थांबले.

"डब्यात काय आहे?"

"चपाती, सर."

"झाकण उघड."

मी उघडलं. सरांनी वाकून बघितलं. माझा टाइप केलेला कागद जसा उजेडाकडे धरून बघत तसं, अगदी बारकाईने. मग म्हणाले, "आज माझं पोट ठीक नाही. पथ्याचं काहीतरी खायला हवं. तू असं कर, महादूकडे जा. माझं नाव सांग, तो तुला दोन वडापाव देईल. डबा राहू दे इथे."

मला वाटलं, सरांनी माझी लाज ओळखली आणि माझ्यावर उपकार केले. मी जिने उतरून पळतच महादूकडे गेलो. चार पोरांसारखा उभा राहून वडापाव खाल्ला. आयुष्यात इतकं मोठं झाल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही सरांचं पोट ठीक नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. सरांचं पोट पुढे दीड वर्ष बरं झालं नाही.

रोज साडेआठला मी डबा आणायचा, सरांनी पडद्यामागे न्यायचा, मी महादूकडे जायचं, असा नेमच पडला. पडद्यामागे ते कसे खात, हे मी कधी बघितलं नाही. बसून खात असणार, कारण भाकरी आणि कालवण उभ्याने खाता येत नाही. पण नंतर शेरे मात्र येत. "आजचं पीठ जुनं होतं. विरी गेलेली, चिकटपणाच नाही. भाकरी थापताना फाटली असणार." किंवा, "हुलगा जरा जास्त शिजला." एकदा म्हणाले, "पाणी गार घेतलं होतं. दुपारपर्यंत भाकरी कडक होते." वड्याविषयी बोलत त्याच आवाजात ते बोलत. वडा श्रेष्ठ की भाकरी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्गात अजूनही गाडीवरच्या खाण्याचेच गोडवे गात, आणि डबा घरून आणणाऱ्या पोरांना "घरकोंबडे" म्हणत. मला काही ताळमेळ लागत नसे.

त्या गार पाण्याच्या शेऱ्यानंतर मी एका रविवारी घरी आईला म्हणालो, "आई, पीठ मळताना पाणी गरम घेत जा." आई चुलीपुढं बसली होती. तिने वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेच्या पोरांसारखी घोषणा दिली.

"आता तू मला भाकरी शिकिवतो व्हय? कालिजात हे बी शिकवत्यात का?"

पण सोमवारी तिने पाणी गरम घेतलं होतं. सरांनी सांगितलं.

सर डबा धुऊन देत. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत देत नाहीत; साखरेचे चार दाणे का होईना, घालून देतात. सर ती रीत पाळत. कधी गोडीशेवेची पुडी, कधी चुरमुऱ्यांचा भत्ता, कधी खारे दाणे. मी न बोलता डबा फडक्यात बांधून संध्याकाळच्या गाडीत ठेवत असे. आईला वाटलं, हे मी पाठवतो.

हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. दिवाळीला घरी गेलो तर शेजारच्या जनाकाकू म्हणाल्या, "लई मायाळू हाय बाई तुजा पोरगा. शिकायला गेला तरी आईला रोज खाऊ धाडतोय." आईचा चेहरा मी पाहिला. आता मी काय सांगणार होतो? ही शेव माझी नव्हे, तुझी भाकरी मी दुसऱ्याला देतो, आणि मी स्वतः गाडीवर वडापाव खातो? मी मान खाली घालून लाडू खात राहिलो.

त्यात आई डबा वाचत होती. "आदी तू भाकरीच्या कडा ठिवायचास," ती म्हणाली, "आता समदं साफ करून धाडतोस. धुतोस बी. भूक वाढलीया तुजी. आता तीन भाकरी घालत जाते."

मी हे सरांना सांगितलं. "नको म्हणावं ताईंना," ते पटकन म्हणाले. तिसरी भाकरी आली. ती त्यांनी खाल्ली.

मी घाबरलो होतो ते या एकाच गोष्टीला. माझ्या मुलाने माझ्या हातचं टाकलं, असं आईला कळू नये. तिने पहाटे उठून केलेलं मी दीड वर्ष वडापावावर देऊन टाकत होतो, आणि वर खाऊ पाठवल्याचं पुण्य माझ्या नावावर जमा होत होतं. रोज ठरवायचो, उद्या सांगू. रोज साडेआठ वाजता महादूच्या तेलाचा वास आला की उद्या पुढे जायचा.

मराठी चाळीसचा, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेचा, निकाल लागला. मी पास झालो. आईने ठरवलं, सरांच्या पाया पडायचं. मी नाना कारणं सांगितली: सर गावाला गेलेत, सरांना आवडत नाही, सर कामात असतात. ती ऐकेना. एका सकाळी नवं लुगडं नेसून, हातात डबा घेऊन ती माझ्याबरोबर पहिल्या गाडीने आली. मी तिच्या मागोमाग जिना चढलो.

सरांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मला आठवतं, मशिनं चालू होती. आईने डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं.

"गरिबाचं हाय सर, पर खावा. तुमच्यामुळं पोरगं मार्गी लागलं."

"ताई, मी बाहेरचंच खातो," सर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"एक घास तरी खावा. म्या लांबनं आले."

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. वांग्याच्या भाजीला लावला. तोंडात घातला. चावता चावता त्यांचे डोळे बारीक झाले. वडा तोंडात घातल्यावर नेहमी होत तसेच. आणि ते म्हणाले, "आज मीठ कमी पडलं. एरवी तुमच्या हाताला मीठ कधी चुकत नाही."

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं. त्यांचा हात तिथेच थांबला. एक मशिन कोपऱ्यात अजून वाजत होतं, तेही थांबलं. आईने सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा सरांकडे.

"घाईत व्हते," ती एवढंच म्हणाली. आणि डब्याचं झाकण सरळ करत बसली.

आम्ही स्टँडवर आलो. अंथुर्ण्याची गाडी लागायला वेळ होता. ती बाकड्यावर बसली. मी उभाच.

"कवापासनं?" तिने विचारलं.

"दीड वर्ष झालं."

"आन तू काय खात व्हतास?"

"वडापाव."

"म्हंजी ती शेव त्यांची व्हती."

"हो."

मी म्हणालो, आई, चुकलं. ती रागावली, पण कशासाठी रागावली हे आजही मला नीट सांगता येणार नाही. ती म्हणाली, "येडा हायस का रं? मला सांगायचं न्हाय व्हय? एवढा जाणता माणूस खातोय म्हणल्यावर म्या जरा बरं केलं असतं. तू काय बी खातोस म्हणून म्या काय बी करत व्हते!"

मी पुढच्या इंग्रजी चाळीससाठी क्लास चालू ठेवला होता. दुसऱ्या दिवशी एसटीने दोन डबे आले. एक माझा, नेहमीचा. दुसरा नवा कोरा, झाकणावर "सर" असं रंगवलेलं. त्यात तूप लावलेल्या चपात्या, बटाट्याची भाजी, शिरा आणि तळलेला पापड. शिरा केळीच्या पानाच्या तुकड्यावर. मी मोठ्या आनंदाने तो सरांच्या टेबलावर ठेवला. आता काही लपवायचं नव्हतं. मला फार हलकं वाटत होतं.

सरांनी उघडून बघितलं. चपातीचा तुकडा घेतला, शिऱ्याचा एक घास घेतला, आणि झाकण लावलं.

"ताईंना सांग, माझं पोट आता बरं झालं."

"सर, आवडलं नाही का?"

"चांगलं आहे. पाहुण्याचं जेवण आहे."

मी माझा डबा पुढे केला. त्यात आता पुन्हा दोनच भाकऱ्या आणि मेथी होती. त्यांनी माझ्या डब्याकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं, आता हात पुढे येईल. पण ते म्हणाले, "तुझा तू खा. तुझा डबा चांगला होता." आणि बूट घालून ते महादूकडे गेले.

आईने आणखी आठ दिवस डबा पाठवला. पुरणपोळी पाठवली, खीर पाठवली. सर डबा उघडत नसत. तो तसाच भरलेला परत जाई. भरलेलं भांडं परत येणं आमच्याकडे फार वाईट समजतात. आई मला विचारी, "काय कमी पडतंय रं? ग्वाड जास्ती हुतंय का?" मला वाटे, सरांना लाज वाटली असेल. मग वाटे, त्यांना त्यांच्या वड्यांचीच आवड होती, भाकरी खरंच पथ्याची होती. मग कधी वाटे, चोरून खाण्याची चव वेगळी असते, आम्ही दोघेही चोरून खात होतो. कुठलंच कारण मला पुरतं पटत नसे. नवव्या दिवशी आईने डबा पाठवणं बंद केलं. मी माझ्या भाकऱ्या वर्गात सगळ्यांसमोर बसून खायला लागलो. लाज गेली होती. कशी गेली ते कळलं नाही.

इंग्रजी चाळीसही झालं. मला इंदापूरला एका कचेरीत क्लार्कची जागा मिळाली. ऑर्डर घेऊन सरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "इंदापुरात स्टँडवर खाऊ नकोस." एवढाच आशीर्वाद. मी जे काही आहे त्यात माझ्या आईवडिलांनंतर सरांचा वाटा आहे. त्यांनी मला बोटं दिली. आजही मी मान वर ठेवून, कळांकडे न बघता टाइप करतो, आणि लोक वळून बघतात.

दोन-तीन वर्षांत बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले. सरांच्या मशिनांवरची मुलं कमी झाली. एकदा गेलो तर खोलीला कुलूप होतं, खताच्या दुकानदाराने सांगितलं, सर बहिणीकडे बावड्याला गेले. बावडा आमच्याच तालुक्यात. एका सुट्टीच्या दिवशी मी गेलो.

बहिणीचं घर नीटनेटकं होतं, अंगणात शेळी बांधलेली. सर बाहेर खाटेवर बसले होते. शर्ट तसाच पांढरा, इस्त्री मात्र नव्हती. मला बघून उठले. माझी बदली, माझं लग्न, नवीन साहेब, सगळं विचारलं. मी म्हटलं, "सर, बावड्यात गाडी कुठली चांगली?" ते हसले. "इथे एकच आहे," म्हणाले, "त्यामुळे चांगली-वाईट ठरवता येत नाही."

दुपारी त्यांच्या बहिणीने आम्हाला जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, वांगं, कांदा, ठेचा. आम्ही दोघे पाटावर शेजारी बसलो. सरांना बसून जेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मी वाट बघत होतो. आता म्हणतील, पाणी गार घेतलं. आता म्हणतील, मीठ कमी. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, ताट स्वच्छ केलं, हात धुतला, आणि एक शब्द बोलले नाहीत. बहीण चांगलं करत होती म्हणून बोलले नाहीत, की रोजचं झालं म्हणून, की आता मत द्यायचं सोडलं होतं, मला कळलं नाही. निघताना मी पाया पडलो. "येत जा," ते म्हणाले.

मी तिथून थेट अंथुर्ण्याला गेलो. आई अंगणात शेंगा फोडत होती. सर भेटले म्हणून सांगितलं.

"बरं हायेत?"

"बरे आहेत."

"जेवलास त्यांच्यात? काय व्हतं?"

"भाकरी."

"बहिणीच्या हातची?"

"हो."

आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "कशी व्हती?"

"चांगली होती."

"चांगली म्हंजी कशी?"

मी विचार करू लागलो. मऊ होती, एवढं आठवत होतं. मी म्हणालो, "तुझ्यासारखीच."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज आला. तव्यावरून उतरवलेली गरम भाकरी तिने ताटात टाकून माझ्यापुढं ठेवली. भाजी नाही, चटणी नाही. "खा," म्हणाली, "आन सांग."

मी खाल्ली. डोळे मिटून, सावकाश, कडेपर्यंत. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पीठ नवं होतं की जुनं, पाणी गार होतं की गरम, मीठ बरोबर होतं की नाही, मला काही म्हणता काही कळेना. मी म्हणालो, "चांगली आहे, आई."

"एवढंच?"

"चांगली आहे."

ती मग परात ओढून हाताचं पीठ झाडत म्हणाली, "सरांनी सांगितलं असतं."